'लाइकली' म्हणजे किती?

इंग्रजी शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली, तीही सगळी रत्नागिरीत. मे, माइट, कुड, मस्ट ही सहायक क्रियापदे दरवर्षी फळ्यावर लिहायची, त्यांच्या शेजारी परहॅप्स, प्रॉबेब्ली, सर्टन्ली, आणि समोर मराठी अर्थ. एका वर्षी नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असताना मिरकरवाड्याच्या एका मुलाने तासाला विचारले, "सर, हवामानाच्या पत्रकात 'व्हेरी लाइकली' लिहितात. बाबा विचारतात, म्हणजे किती?" मी म्हणालो, "दाट शक्यता." तो म्हणाला, "ते पेपरात पण असतं. पण किती?"

मला उत्तर देता आले नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या 'किती'चा माग काढायला बसलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, इंग्रजीतली ही क्रियापदे मुळात शक्यतेची नव्हतीच. 'मे'चे जुने रूप 'मागन', म्हणजे अंगात बळ असणे. बळ या अर्थाचे 'माइट' हे नाम त्याच कुळातले. 'कॅन'चा मूळ अर्थ जाणणे. 'मस्ट' ज्या क्रियापदातून आले त्याचा अर्थ चक्क मुभा असणे. अंगात बळ आहे म्हणून माणूस जाऊ शकतो. जाऊ शकतो, म्हणजे कदाचित जाईलही. बळाकडून संभवाकडे जायला या शब्दांना काही शतके लागली. आपल्या 'शकणे'ची वाटही हीच. संस्कृतातला 'शक्' धातू घ्या, शक्ती आणि शक्यता दोन्ही त्याच घरातल्या.

मराठीकडे वळताना रत्नागिरीकराला फार लांब जावे लागत नाही. केशवसुतांचे मालगुंड आपल्याच जिल्ह्यातले, आणि १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ देणारे मोरो केशव दामले हे त्यांचे धाकटे बंधू. क्रियापदाचे चार अर्थ आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला विध्यर्थ मला नेहमीच विलक्षण वाटत आला. 'त्याने घरी जावे' यात कर्तव्य आहे, आणि 'तो घरी गेला असावा' यात निव्वळ तर्क. रूप एकच, 'वा-वी-वे'चे. इंग्रजी 'मस्ट'ही असेच दुहेरी काम करते: गेलेच पाहिजे आणि गेला असलाच पाहिजे. गंमत म्हणजे नकार आला की दोन्ही भाषांत ही जोडी फुटते. आपण कर्तव्याला 'जाऊ नये' म्हणतो आणि तर्काला 'गेला नसावा'. इंग्रज कर्तव्याला 'मस्ट नॉट' म्हणतो, तर तर्कासाठी 'मस्ट' टाकून 'कान्ट'कडे वळतो. हे मुलांना समजावताना माझा घसा दरवर्षी बसायचा.

बोलण्यात तर आपण पायऱ्या किती सहज वापरतो! 'होडी आली असेल' हा नुसता अंदाज. 'आली असावी' म्हटले की काहीतरी खूण दिसलेली असते, जेटीवर गर्दी वगैरे. 'आली असणार' म्हणणाऱ्याला जवळजवळ खात्री असते. पुराव्याचे वजन क्रियापदाच्या शेपटात असते, वेगळे क्रियाविशेषण लागत नाही.

पण मुलाच्या बापाला आकडा हवा होता, आणि तो मागणारा तो काही पहिला नव्हे. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ची. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली पावसाळ्याचे पहिले दीर्घ मुदतीचे अनुमान दिले. पुढे १९०६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात अर्नेस्ट कुक यांनी प्रत्येक अंदाजाशेजारी एक ते पाचपैकी अंक लिहिण्याची पद्धत मांडली. पाच म्हणजे जवळपास खात्री. शब्दांचा गोंधळ किती महागात पडू शकतो हे मात्र हेरखात्याने दाखवले. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असे अमेरिकी अहवालात लिहिले गेले. लिहिणाऱ्यांपैकीच शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारले, तुमच्या मनात किती टक्के होते? उत्तरे वीसपासून ऐंशीपर्यंत आली. एकाच वाक्याखाली सह्या करणारी ही माणसे!

आज जागतिक हवामान बदलाच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९०हून अधिक, असे ठरलेले आहे. आपल्या हवामान खात्याची मोजपट्टी निराळी. तिथे 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के, 'व्हेरी लाइकली' ५० ते ७५, आणि 'मोस्ट लाइकली' त्याच्या वर. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर होते पन्नास ते पंचाहत्तर. आणि मी जन्मभर 'लाइकली'पुढे 'बहुधा' लिहीत आलो, ते या पत्रकापुरते साफ चूक. तिथला 'लाइकली' अर्ध्याच्याही खालचा. (याच पत्रकात 'तुरळक ठिकाणी' असते, ते प्रदेशाचे माप आहे, खात्रीचे नव्हे. पाऊस तुरळक पडणार असे समजून छत्री घरी ठेवणारे मी पाहिले आहेत.)

मराठी बातमीत या तीन पायऱ्या पोचेपर्यंत 'शक्यता' आणि 'दाट शक्यता' एवढेच उरते. असेल, असावा, असणार अशी जिवंत क्रियापदे असलेल्या भाषेने सगळा भार एका नामावर टाकावा, हे मला भाषांतराच्या घाईचे लक्षण वाटते.

हा शब्दांचा कीस नाही. नोव्हेंबर २००९च्या फयान वादळात रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मच्छीमार समुद्रात बेपत्ता झाले, ती आठवण इथल्या घरांत अजून आहे. दुसऱ्या बाजूला, होडी बांधून ठेवलेल्या दिवशीही कर्जाचा हप्ता थांबत नाही. साठ टक्क्यांचा अंदाज अगदी बरोबर असला, तरी अशा दहा दिवसांपैकी चार दिवस कोरडे जाणार. 'दाट शक्यता' ऐकून घरी बसलेल्याला ते चार दिवस खात्याची फसवणूक वाटतात, आणि पाचव्या वेळी तो निघतो.

पत्रकात त्याच्यासाठी आणखी एक ओळ असते: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तर्क संपून कर्तव्य सुरू होते ते इथे, त्याच विध्यर्थात. या ओळीला टक्के नसतात.

तो मुलगा आता स्वतः तांडेल आहे. परवा जेटीवर भेटला तेव्हा त्याला पन्नास ते पंचाहत्तर हे उत्तर एकदाचे दिले. "मग आकडाच का नाही लिहीत?" तो म्हणाला. लिहितात, मी सांगितले. मी पाहिलेल्या पत्रकांत तो तळाशी होता, बारीक अक्षरांत, इंग्रजीत.