तळटीप : सह्यांचे निशाण

१४. लेखक इथे ज्याला ‘लष्करी ध्वज’ म्हणतात, तो पलटणीचा ध्वज नव्हे. जपानी भूदलाच्या पलटणींना सोळा किरणांचे ध्वज सम्राटाकडून मिळत. १९४५च्या शरणागतीच्या वेळी ते जाळून टाकण्याचा हुकूम निघाला, त्यामुळे संग्राहकांच्या हाती ते लागतच नाहीत म्हटले तरी चालेल. बाजारात फिरतात ती बहुतेक ‘योसेगाकी हिनोमारू’, म्हणजे आघाडीवर निघालेल्या जवानाला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सोबत्यांनी सह्या करून दिलेली रेशमी किंवा सुती निशाणे. मधल्या लाल गोलाभोवती नावे किरणांसारखी पसरलेली असतात, कुंचल्याने काळ्या शाईत लिहिलेली. वर ठळक चार अक्षरे: ‘बुउन चोक्यू’, रणात दैवाची साथ दीर्घकाळ लाभो. दोरी बांधायच्या कोपऱ्यांना बरेचदा चामड्याचे तुकडे शिवलेले दिसतात. जवान हे निशाण घडी घालून अंगावर बाळगत, म्हणूनच दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना ते मृतांच्या अंगावर सापडे आणि आठवण म्हणून घरी जाई. मागणी इतकी, की युद्ध चालू असतानाच नकली निशाणेही बनू लागली.

संग्राहकाने किंमत विचारण्याआधी निशाणावरचे जवानाचे नाव वाचून घ्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते. ते बहुधा एका कडेला, इतर सह्यांहून मोठ्या अक्षरांत असते. अमेरिकेत ओरेगनमधली ओबोन सोसायटी अशा खुणांवरून वारसांचा माग काढते आणि निशाणे जपानला परत पाठवते. या वारसांपैकी पुष्कळांच्या घरी त्या जवानाच्या अस्थीही आलेल्या नव्हत्या. – संपा.