ब्रशाचा जीर्णोद्धार

आजोबांच्या इस्टेटीत एक छत्री, पंचांगांचा एक गठ्ठा आणि दाढीचा एक ब्रश एवढंच होतं. छत्री काकांनी नेली. पंचांगं वाळवीने नेली. ब्रश माझ्या वाट्याला आला, म्हणजे तो कुणीच मागितला नाही.

हा ब्रश बसऱ्याचा. पहिल्या महायुद्धात आजोबा लष्कराच्या रसद खात्यात कारकून म्हणून तिकडे गेले आणि १९१९ साली परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायला शिकूनच. आमच्या घराण्यात ही क्रांतीच म्हणायची. तोवर दर आठ दिवसांनी न्हावी ओसरीवर यायचा आणि घरातले झाडून सारे पुरुष त्याच्यापुढे ओळीने बसायचे. श्मश्रू दुसऱ्याने करायची आणि झाली की आंघोळ करायची, असा शिरस्ता. आजोबांनी त्यातलं आंघोळीचं कलम तेवढं पाळलं. ब्रशाला मात्र आजीने उंबरठा ओलांडू दिला नाही.

"कसले केस आहेत ते?" तिने विचारलं.

"बॅजरचे," आजोबा म्हणाले.

बॅजर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. आजोबांनाही नसावं. मूठ हस्तिदंती आहे, असंही त्यांनी ठोकून दिलं. ब्रश पुढे जवळजवळ साठ वर्षं, म्हणजे १९७८ साली आजोबा गेले तोवर, ओसरीवरच्या कोनाड्यात राहिला.

निवृत्तीनंतर माणसाला जीर्णोद्धाराचा नाद लागतो. देऊळ बांधण्याची ऐपत नसल्यामुळे मी ब्रश घेतला. एका तपेलीत कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि त्यात ब्रश, अशी सिद्धता केली. (तपेली कोणती, हा प्रश्न सौभाग्यवतींनी नंतर विचारला. त्याचं उत्तर मी इथेही देत नाही.) उद्या सकाळी याच ब्रशाने दाढी, असं ठरवतोय तोच माझी भाची आली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

"मामा, तोंडाला लावलात का हा?"

नाही म्हटल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मीही बसलो.

बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. त्याचे केस पाणी धरून ठेवतात, त्यामुळे साबणाला फेस भरपूर येतो. फ्रेंच भाषेत तर प्राण्याला आणि ब्रशाला एकच शब्द आहे, ब्लॅरो. पण हे केस महाग. म्हणून घोड्याचे केस रंगवून, टोकाला पांढरे आणि मध्ये काळा पट्टा असे करून, बॅजर म्हणून विकायची युक्ती निघाली. युद्धापूर्वी रशियाकडचे केस जर्मनीत साफसूफ होऊन पुढे जात. १९१४ साली युद्ध पेटलं आणि तो रस्ता बंद झाला. नेमकी त्याच वेळी गिऱ्हाइकं वाढली. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर दाढी गुळगुळीत हवी, त्यामुळे शिपायांना रोज दाढी आली. एकट्या अमेरिकन सरकारने जिलेटचे पस्तीस लाख रेझर खरेदी केले. इतक्या हनुवट्यांना फेस लावायला ब्रश हवेतच. मग घोड्याचे केस आशियातून जसे आले तसे ब्रशांत बसू लागले आणि त्यांच्याबरोबर काळपुळीही आली.

काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स, जनावरांचा रोग. वस्तऱ्याने गालाला बारीकशी जखम व्हायची, तिच्यावरून ब्रश फिरायचा आणि चार दिवसांत तिथे कोळशासारखी काळी खपली धरायची. पेनिसिलिन नव्हतं. १९१५ ते १९२४ या काळात इंग्लंड-अमेरिकेतले दोनशेहून अधिक शिपाई आणि नागरिक या रोगाने आजारी पडले आणि कित्येक दगावले. शत्रूच्या तोफांतून वाचायचं आणि दाढीच्या ब्रशाने जायचं! ब्रिटनने १९२० साली जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदीच घातली.

"पण त्याला शंभर वर्षं झाली," मी म्हणालो.

"मामा, या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, वाट बघतात." मग तिने स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटाची गोष्ट सांगितली. १९४२ साली तिथे या जंतूंच्या बाँबचा प्रयोग केला होता. १९८६ साली बेटावर फॉर्मॅल्डिहाइड शिंपडलं, तेव्हा कुठे १९९० साली ते निर्धोक जाहीर झालं. ब्रश उकळावा, तर हाडाची मूठ तडकणार. हो, हाडाचीच. हस्तिदंत तिने एका नजरेत निकालात काढला.

"केस काढा आणि नवे बसवा," ती म्हणाली.

आता पंचाईत अशी की आजोबांचं जे काही त्या ब्रशात होतं ते केसांतच होतं. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांनी याच केसांनी माझ्या गालभर फेस लावला होता आणि कंगव्याच्या पाठीने माझी दाढी केली होती. तो थंड, गुदगुल्या करणारा स्पर्श मला अजून आठवतो. मला काही झालं नाही. आजोबा त्र्याऐंशी वर्षं जगले.

"म्हणजे बहुधा निर्धोकच आहे," ती म्हणाली, "पण 'बहुधा'वर दाढी करू नये."

ब्रश फॉर्मॅलिनमध्ये बुडवून तिने प्रयोगशाळेत नेला. केसांचा झुपका उपटला, मुठीतलं भोक कोरून साफ केलं आणि मूठ माझ्या हवाली केली. मी नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा नवा झुपका आणून चिकटवला. झुपका खोल रोवला तर ब्रश ताठ होतो, वर ठेवला तर लुळा पडतो. पहिल्या खेपेला माझा लुळा पडला, दुसऱ्या खेपेला तिरका. तिसऱ्या खेपेला मी त्याला सरळ म्हणायचं ठरवलं.

आठवड्याने भाचीचा फोन आला. जाळण्यापूर्वी तिने दोन केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

"मामा, ते बॅजरचे नव्हते. घोड्याचेही नव्हते."

"मग?"

"डुकराचे."

म्हणजे काळपुळीच्या भीतीने मी केस उपटले ते घोड्याचे नव्हतेच. आणि आजीने साठ वर्षं जो संशय धरला होता तो मात्र खरा निघाला. ती असती तर तिने ओसरीसकट घर धुऊन काढलं असतं, आणि बॅजरचा खुलासा आजोबांना पुन्हा एकदा करावा लागला असता.

हल्ली मी रोज त्याच ब्रशाने दाढी करतो. केस कुठल्याच प्राण्याचे नाहीत हे मी सौभाग्यवतींना तीनदा समजावून सांगितलंय. ब्रश बाल्कनीत असतो.