विषाणूची कात्री आणि सतरा वर्षं पडून राहिलेलं औषध

‘कोरोनाची गोळी इतक्या घाईत कशी तयार झाली?’ असं बरेच रुग्ण विचारतात. शंका रास्त आहे. पॅक्सलोव्हिडला डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, म्हणजे साथ सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण ही गोष्ट २००३ पासून सुरू होते.

कोरोना विषाणू पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून आपली प्रथिनं बनवून घेतो. ती सुटी निघत नाहीत, एक लांबलचक साखळी निघते. कापडाचा तागा असतो ना, तसा. कापल्याशिवाय त्याचा सदरा होत नाही. ही कापाकापी करणारी विषाणूची मुख्य कात्री म्हणजे ‘मेन प्रोटिएज’ हे एन्झाइम. ते साखळीला किमान ११ ठिकाणी कापतं, तेही बहुतेक ठिकाणी ग्लुटामीन या अमिनो आम्लाच्या लगेच पुढे. नेमक्या अशा सवयीचं एन्झाइम माणसात आढळलेलं नाही. म्हणून औषध शोधणाऱ्यांची नजर इथेच गेली.

२००२ मध्ये जर्मनीत रॉल्फ हिल्गेनफेल्ड यांच्या गटाने डुकरांना होणाऱ्या कोरोना विषाणूच्या कात्रीची रचना उलगडली. त्या वेळी त्याचं अप्रूप किती जणांना असेल! पुढच्याच वर्षी सार्स जगभर पसरला. ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. फायझरने या कात्रीत अडकून बसणारा रेणू तयारही केला. पण जुलै २००३ पर्यंत साथ विझली, रुग्णच उरले नाहीत आणि काम बाजूला पडलं.

२०२० मध्ये नव्या विषाणूची कात्री सार्सच्या कात्रीशी ९६ टक्के जुळते असं दिसलं. जुना रेणू पुन्हा बाहेर निघाला. अडचण एवढीच की तो शिरेतून द्यावा लागे. त्यात फेरफार करून गिळता येईल असा निर्माट्रेल्व्हिर तयार झाला. लस न घेतलेल्या, जोखमीच्या रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत तो दिल्यावर रुग्णालयात दाखल होणं किंवा मृत्यू यांत ८९ टक्के घट झाली.

‘कुठलीही कात्री बंद करा’ असं मात्र चालत नाही. एचआयव्हीच्या प्रोटिएजवरचं लोपिनाव्हिर २०२० मध्ये कोविडवर वापरून पाहिलं, दाखल रुग्णांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्या कात्रीची घडणच वेगळी. आणि २०२१ च्या लाटेत आपल्याकडे नातेवाईक ज्यासाठी वणवण फिरले ते रेमडेसिव्हिर? ते दुसऱ्याच एन्झाइमवर, विषाणूच्या आरएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेजवर, काम करतं. विषाणू वाढत असतानाच्या पहिल्या दिवसांत ते उपयोगी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी ती धावपळ बहुतांशी व्यर्थ होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅक्सलोव्हिडमधली दुसरी गोळी रिटोनाव्हिर. ती विषाणूला मारत नाही. यकृतातलं औषध मोडणारं एन्झाइम रोखते, म्हणजे निर्माट्रेल्व्हिर रक्तात टिकतं. त्याच कारणाने तुमची इतर औषधंही रक्तात साठू शकतात. सिमव्हास्टॅटिन, हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी काही औषधं, अवयवरोपणानंतरच्या गोळ्या चालू असतील, तर त्या आधी डॉक्टरांना दाखवा.