सापाची कात आणि माणसाचा हात

मराठी भाषेंत ‘कात टाकणें’ हा वाक्प्रचार मोठा आनंदाचा आहे. एखाद्या माणसानें आळस झाडला, एखाद्या संस्थेनें जुनें वळण सोडलें, कीं त्यांनीं कात टाकली असें आपण म्हणतों; आणि म्हणतांना डोळ्यांपुढें जें चित्र असतें त्यांत कष्टाचा लवलेशहि नसतो. जुनें गळून पडलें, नवें लखलखूं लागलें, एवढेंच. परंतु ज्याच्या समोर एखाद्या सापाची कात अंगावर अडून राहिली आहे, तो हा वाक्प्रचार इतक्या सहजपणें वापरणार नाहीं. हा सोपेपणाचा समज आला कोठून आणि तो कोणत्या परिस्थितींत ढळला, याचा इतिहास लहान असला तरी मनोरंजक आहे. आणि तो थेट आजच्या मुंबईच्या उपनगरांत, नाहूरसारख्या ठिकाणीं, येऊन पोंचतो.

समज फार जुना आहे. बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायांत मुक्त पुरुषाच्या देहाला वारुळावर टाकून दिलेल्या निर्जीव कातेची उपमा दिलेली आहे. उपमा सुंदर आहे, पण ती देणाऱ्या ऋषीनें काय पाहिलें होतें तें लक्षांत घेतलें पाहिजे. त्यानें कात पाहिली होती. साप केव्हांच निघून गेला होता. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांत वाटमाऱ्यांचे डोळे सापांच्या कातींनीं झांकून टाकण्याचा एक मंत्र आहे, आणि तेथें कातेसाठीं ‘जरायु’ हा शब्द योजिला आहे. जरायु म्हणजे गर्भाचें वेष्टन. आश्चर्य असें कीं, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ग्रीस देशांत ॲरिस्टॉटलनें प्राण्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांतहि साप कातेंतून निघतो तो गर्भ वेष्टनांतून निघावा तसा, असेंच म्हटलें आहे. एकानें दुसऱ्याचें उचललें असें मानण्याचें कारण नाहीं. दोघांनाहि कात टाकणें हा एक जन्मच वाटला.

या साम्यावरून वैद्य एक पाऊल पुढें गेले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, दहाव्या अध्यायांत, प्रसूति अडली असतां काळ्या सापाच्या कातेची धुरी द्यावी असें सांगितलें आहे. या उपायामागील तर्क उघड दिसतो: जी वस्तु सापाच्या अंगावरून इतक्या सहज सुटली, तिच्या धुरानें अडलेलें मूलहि सुटावें. ज्या काळीं अडलेली बाळंतीण म्हणजे बहुधा मृत्यूच, त्या काळच्या माणसांनीं असा आधार शोधला यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु कातहि कधीं अडते, आणि अडली म्हणजे तीहि जिवावर बेतूं शकते, ही गोष्ट या ग्रंथकारांच्या गांवींहि नसावी असें वाटतें.

ती कोणाला ठाऊक असेल तर गारुड्याला. गारुडी आपल्याकडे प्राचीन आहे. ‘मुद्राराक्षस’ नाटकांत विराधगुप्त राक्षसाला भेटावयास येतो तो गारुड्याच्याच वेषांत. परंतु गारुडी ग्रंथ लिहीत नसे, आणि ग्रंथ लिहिणारा साप बाळगीत नसे. आपल्या देशांतील पुष्कळ ज्ञान या दोन ‘नसे’ंच्या मध्यें हरवलें आहे.

रानांतला साप कात टाकण्यापूर्वीं काय करतो तें पाहूं. तो मंद होतो, खाणें सोडतो, ओलसर बिळांत किंवा पाचोळ्याखालीं आडोशाला जातो. त्वचेच्या जुन्या व नव्या थरांमध्यें एक पातळ द्रव सांठतो आणि अंगाचा रंग मळकट होतो. सापाला हलणारी पापणी नसते. तिच्या जागीं एक पारदर्शक आवरण डोळ्यावर कायमचें बसलेलें असतें. त्याखालींहि द्रव उतरल्यामुळें डोळा दुधाळ, निळसर दिसूं लागतो. माहीत नसलेल्याला साप आंधळा होत चालला असें वाटतें, हें ॲरिस्टॉटलनेंहि नमूद केलें आहे. कांहीं दिवसांनीं डोळा पुन्हां स्वच्छ होतो. मग साप ओठांची कड दगडावर, मुळावर घांसतो, कात तेथें सुटते, आणि पायमोजा काढावा तशी उलटी होत शेंपटीकडे उतरते. डोळ्यांवरचीं आवरणेंहि तिच्याबरोबर निघतात. अखंड कात हातांत घेऊन पाहिली तर डोळ्यांच्या जागीं दोन लहान कांचा बसविल्यासारख्या दिसतात.

आतां हाच साप टोपलींत, मडक्यांत किंवा कांचेच्या पेटींत ठेवा. बिळाचा ओलावा गेला, अंग घांसावयास खडबडीत मूळ गेलें, तहान लागली तरी पाण्यापर्यंत जाण्याचा मार्ग गेला. द्रव वेळेआधींच सुकतो आणि दोन थर एकमेकांस चिकटून बसतात. कात तुकड्यातुकड्यांनीं निघते, किंवा निघतच नाहीं. अंगावर जुन्या जखमेचा वण असेल, खवल्यांखालीं बारीक गोचिड्या असतील, किंवा साप उपाशी असेल, तर संकट अधिकच वाढतें. शेंपटीच्या टोंकाशीं राहिलेलें कातेचें कडें सुकून आवळत जातें, रक्त तुटतें, आणि टोंक वाळून गळून पडतें. रानांतहि असें क्वचित् घडतें. परंतु अडलेली कात ही मुख्यतः बंदिवासाची व्याधि आहे. म्हणूनच तिचें ज्ञान उपनिषदांत न सांपडतां पिंजऱ्यांच्या नोंदवह्यांत सांपडतें.

हे पिंजरे मुंबईंत केव्हां आले? १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, हें अभिमानानें सांगण्यासारखें आहे. या संस्थेच्या नियतकालिकांत १९०५ पासून पुढें अनेक वर्षें फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरची भारतांतील सामान्य सापांवरील लेखमाला येत राहिली. त्यांत खाणें, वीण, वाढ यांबरोबर कात टाकण्याच्याहि नोंदी आहेत. येथें प्रथमच कात ही उपमा न राहतां नोंद झाली. इकडे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्यें १८९९ सालीं आलेली प्लेगची प्रयोगशाळा १९२५ सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, आणि पुढें विषावरील लसीसाठीं तेथें जिवंत साप ठेवण्याची गरज पडली. साप मेला तर विष नाहीं, आणि विष नाहीं तर लस नाहीं. तेव्हां सापाच्या कातडीची काळजी हा माणसाच्या प्राणाचा प्रश्न झाला. तेथील डॉ. पु. ज. देवरस यांचें भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनें १९६५ सालीं काढलें. त्याच वर्षीं मेडरसन या शास्त्रज्ञानें सापाच्या त्वचेच्या बदलाचे सहा टप्पे सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवून दिले, आणि कात म्हणजे जुनें गळणें नसून जुन्याच्या खालीं नवें पूर्ण तयार होणें आहे, हें स्पष्ट झालें.

यावरून उपायहि ठरला, आणि तो इतका साधा आहे कीं सुश्रुताच्या धुरीपुढें फिका वाटावा. ओढूं नये, हा पहिला नियम. खालील थर तयार नसतां कात ओढली तर ओलें मांस उघडें पडतें. साप शांत जागीं ठेवावा, जवळ ओलें शेवाळ किंवा ओलें फडकें असावें. तरीहि कात सुटली नाहीं तर कोमट पाण्याच्या उथळ भांड्यांत त्याला अर्धा तास राहूं द्यावें. पाणी त्याच्या अंगाच्या जाडीहून खोल नसावें, आणि भांड्यास हवा लागावी. नंतर ओल्या खरबरीत पंचाच्या घडींतून त्याला आपल्या आपण सरपटत जाऊं द्यावें. काम पंचा करीत नाहीं, साप करतो. शेंपटीचें कडें चांगलें भिजवून बोटानें हलके सरकविलें तर चालतें. डोळ्यावरचें आवरण राहिलें असेल तर त्यास शिवूंच नये. पुढच्या कातेबरोबर तें बहुधा निघतें, आणि चिमट्यानें काढूं जाणारा पुष्कळदां डोळाच घेऊन बसतो.

सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीपूर्वीं नाग धरून मडक्यांत ठेवण्याची प्रथा होती. कायद्याच्या व न्यायालयाच्या निर्बंधांनीं ती आवरली. त्या मडक्यांत भक्ति होती, यांत शंका नाहीं. कात येऊं घातलेल्या नागाला मात्र भक्तीहून ओलावा अधिक उपयोगी पडला असता. याउलट तामिळनाडूंत इरुळा लोकांनीं १९७८ सालीं सापविषाची सहकारी संस्था काढली. तेथेंहि साप मडक्यांतच राहतो, पण तीन-चार आठवडेच. सोडतांना पोटावरच्या खवल्याचा कोपरा खुणेसाठीं कापतात. कांहीं काती टाकल्यावर ती खूण बुजते, आणि तोपर्यंत तो साप पुन्हां धरीत नाहींत. कातेचा इतका न्याय्य उपयोग आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

नाहूर हें भांडुप व मुलुंड यांच्या मधलें ठाणें. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेस मिठागरें व खाडी, मध्यें इमारती. धामण, दिवड, नाग, घोणस यांची ही जुनी वाट आहे. आपण त्यांच्या वाटेवर राहावयास आलों. बागेभोंवतालच्या नायलॉनच्या जाळ्यांत सांपडलेल्या धामणीच्या अंगावर जखमा होतात, आणि त्या जखमांवर पुढची कात हटकून अडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें असा देशी साप घरीं पाळतां येत नाहीं. वनखात्यास कळवावें लागतें. परदेशी अजगर बाळगणाऱ्यांनीं आपण होऊन नोंद करावी, अशी योजना केंद्र सरकारनें २०२० सालीं काढली. त्या अजगराची पेटी वातानुकूलित दिवाणखान्यांत असेल, तर यंत्र हवेंतला ओलावा शोषून घेतें आणि भर पावसाळ्यांतहि पेटींत उन्हाळा राहतो. तेथें पाण्याचें रुंद भांडें आणि ओल्या शेवाळाचा एक डबा, एवढ्यानें बहुतेक काम भागतें. जाळ्यांतल्या धामणीचें तसें नाहीं. तिची जखम जनावरांच्या डॉक्टरास दाखवावी लागते, आणि सर्पमित्रानें वनखात्याच्या अनुमतीनें एक कात पार पडेपर्यंत तिला ठेवून घ्यावें लागतें. डोंगराच्या पायथ्याशीं तिला सोडावयाची ती त्यानंतर, कात शेंपटीच्या टोंकापर्यंत उतरली कीं नाहीं हें उजेडांत धरून पाहिल्यावर.