चार बाहुल्या आणि शेवटचा प्रश्न

तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल काय वाटते, हे कसे शोधून काढायचे? सरळ विचारून उपयोग नाही, त्याला प्रश्नच समजणार नाही. मेमी फिप्स या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने हा प्रश्न १९३९ मध्ये अमेरिकेतील हॉवर्ड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधासाठी घेतला. तेव्हा तिने मुलांना गोऱ्या-काळ्या मुलांची रेखाचित्रे दाखवली. पुढे पती केनेथ क्लार्क यांच्याबरोबर तिने चित्रांच्या जोडीला बाहुल्या घेतल्या. चार बाहुल्या, एकाच साच्यातल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. बाकी काही फरक नाही.

क्लार्क दांपत्याने ३ ते ७ वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुले तपासली. त्यांतली १३४ दक्षिणेकडील आर्कान्सा राज्यातली होती. तिथे कायद्यानेच काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. उरलेली ११९ मुले उत्तरेकडच्या स्प्रिंगफील्ड गावात गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसत होती. प्रत्येकाला एकेकटे बसवून विचारले जाई : खेळायला कोणती बाहुली आवडेल? छान कोणती? वाईट दिसते ती कोणती? मग गोरी कोणती, काळी कोणती? आणि अगदी शेवटी : तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे बघू.

हा प्रश्न शेवटी ठेवण्यामागे कारण होते. आधीच्या चाचणीत असे दिसले होते, की 'ही माझ्यासारखी' असे एकदा म्हटल्यावर मूल मग तिचीच बाजू घेते. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तर बदलते, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

निकाल १९४७ मध्ये छापून आले. गोरी बाहुली कोणती, काळी कोणती, हे ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी बरोबर ओळखले. म्हणजे फरक त्यांना नीट कळत होता. पण ६७ टक्के मुलांना खेळायला गोरी बाहुली हवी होती, आणि ५९ टक्के मुलांनी वाईट म्हणून तपकिरीकडे बोट दाखवले. त्यानंतर 'तुझ्यासारखी कोणती?' हा प्रश्न आला, तेव्हा काही मुले रडू लागली, काही खोलीतून निघून गेली. केनेथ क्लार्क यांना त्याचा त्रास आयुष्यभर होत राहिला.

१९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात वेगळ्या शाळांविरुद्ध खटला चालू होता. क्लार्क यांनी तिथल्या १६ मुलांवर हाच प्रयोग केला. त्यांतल्या ११ मुलांनी तपकिरी बाहुली वाईट ठरवली. हा आणि असे आणखी काही खटले एकत्र होऊन सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने सरकारी शाळांतले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत पहिलाच उल्लेख क्लार्क यांच्या लेखनाचा आहे.

आता थोडे थांबू. बाहुल्यांनी शाळांबद्दल नेमके काय सिद्ध केले? स्प्रिंगफील्डच्या एकत्र शाळांतली ७१ टक्के मुले तपकिरी बाहुलीला वाईट म्हणाली, तर आर्कान्सातल्या वेगळ्या शाळांतली ४९ टक्के. अपेक्षेच्या अगदी उलट! विरुद्ध बाजूच्या वकिलांनी याचा फायदा घेतला नसता तरच नवल. शिवाय या अभ्यासात गोरी मुले नव्हतीच, त्यामुळे तुलना अपुरी राहिली. आमच्या मते निकाल न्याय्य होता, पण तो पेलण्याइतके बळ या आकड्यांत नव्हते. मुलांनी रंगाविषयीचे मत एका शाळेतून उचललेले नव्हते. ते रस्त्यावर, दुकानांत, चित्रांच्या पुस्तकांत, सगळीकडे पसरलेले होते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. समाज आपल्या गटाला कमी लेखतो हे कळणे, आणि 'मी कमी आहे' असे वाटणे, या दोन गोष्टी एकच का? मॉरिस रोझेनबर्ग आणि रोबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोर शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी आढळला नाही. मूल स्वतःला जोखते ते आई, मित्र, शिक्षक यांच्या डोळ्यांतून. दूरचा समाज काय म्हणतो ते त्याला ठाऊक असले तरी.

मग नुकसान होते कुठे? याचे एक उत्तर आपल्याच देशातून आले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलगे उच्च मानलेल्या जातींचे होते, ३२१ खालच्या मानलेल्या. सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे मिळणार होते. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कामगिरी केली. पण कोडी देण्यापूर्वी मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, की खालच्या मानलेल्या जातींची मुले एकदम मागे पडत. कोडी तीच, मुलेही तशीच. (शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना आपण भर वर्गात मुलांना जात विचारतो, तेव्हा नेमके हेच करतो.)

त्यांच्या २००४ च्या अहवालातला पुढचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बक्षीस कोणाला द्यायचे हे चिठ्ठी काढून ठरवले, म्हणजे त्यात माणसाच्या मर्जीचा भाग राहिला नाही, तेव्हा जात जाहीर करूनही दोन गटांतली दरी नाहीशी झाली. यावरून संशोधकांनी असा अर्थ काढला, की जात पुकारली गेली तेव्हा या मुलांनी आपल्या कष्टांचे मोल नीट होणार नाही असे गृहीत धरले होते. कोडी सोडवण्याची कुवत त्यांच्यात होतीच. समोर बसलेला माणूस आपल्याला न्याय देईल, याची त्यांना खात्री नव्हती.