कुंडीतील तिखट मिरची : पाने गोळा झाली तर आधी कारण ओळखा

शेतात एकरभर मिरची असली तरी दारात दोन-चार कुंड्या असतातच. त्या कुंड्यांबाबत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "पाने गोळा झालीत, काय फवारू?" उत्तर देण्याआधी पाने कोणत्या बाजूला वळली आहेत, हे पाहावे लागते.

लागवड

बी सप्टेंबरमध्ये टाकल्यास रोपे जोरदार पावसातून वाचतात आणि फुले थंडीच्या सुरुवातीला लागतात. घरातील वाळक्या मिरचीचे बी चालते, पण ती मिरची संकरित वाणाची असेल तर झाडे एकसारखी येत नाहीत. फुले ज्योती, पुसा ज्वाला किंवा गावातील लवंगी मिरची यांपैकी काहीही घ्या. रोप पाच-सहा आठवड्यांचे झाले की 12 इंची कुंडीत एकच लावावे. दोन लावण्याचा मोह होतो, तो आवरावा.

दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग कोकोपीट असे मिश्रण करावे. नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. मी स्वतः पहिल्या वर्षी कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवून सगळी रोपे घालवली होती. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. किमान सहा तास ऊन हवे.

युरिया टाळावा. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार दिसते, फुले मात्र कमी येतात आणि कोवळ्या पानांवर रसशोषक किडी वाढतात. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरते.

चुरडा-मुरडा

पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पान द्रोणासारखे झाले असेल तर ते फुलकिड्यांचे काम. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे, अरुंद आणि देठ लांबलेला दिसला तर कोळी. हे डोळ्यांना दिसत नाहीत, भिंग लागते. पाने लहान, चुरगळलेली, शिरांमध्ये पिवळी आणि झाड खुरटून झुडपासारखे झाले असेल तर विषाणूची शंका घ्या. हा रोग पांढरी माशी पसरवते. त्यावर कोणतेही औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारच्या कुंड्या तरी वाचतील.

फुलकिडे असतील तर सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारावा, नंतर संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क. त्यासाठी 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळावा. सात-आठ दिवसांनी पुन्हा करावे; एका फवारणीत अंड्यांतून नंतर निघणारी पिल्ले राहतात. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर वापरता येते, मात्र कडक उन्हात नको आणि निंबोळी तेल फवारल्यापासून दोन आठवड्यांत नको, पाने करपतात. फवारणीआधी तयार मिरच्या तोडून घ्याव्यात व पुढील तोडणी लेबलवरील मुदतीनंतरच करावी.

शेतासाठी आणलेले, बाटलीत उरलेले कीटकनाशक कुंडीवर मारू नये. एका लिटरसाठी मात्रा नीट मोजता येत नाही, आणि इथली मिरची आज फवारली तर उद्याच्या फोडणीत जाते. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला तर भाजीपाल्यावर बंदीच आहे. परसबागेचे प्रशिक्षण घेणाऱ्या कृषी सहायकांनी हा मुद्दा पहिल्याच दिवशी सांगावा.

फूलगळ आणि तिखटपणा

तापमान 35 अंशांच्या वर गेले की फुले गळतात. ही कीड नव्हे. एप्रिल-मेमध्ये कुंडी दुपारच्या उन्हातून सावलीत सरकवावी, शेतात हे करता येत नाही.

तिखटपणा मुख्यतः वाणावर ठरतो. तो बियांत नसून बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या भागात तयार होतो. पाण्याचा हलका ताण दिल्यास तिखटपणा वाढू शकतो, पण फुले लागताना ताण दिला तर फळेच राहत नाहीत. हिरव्या मिरच्या देठासकट चार-पाच दिवसांनी तोडत राहिलात तर नवी फुले येत राहतात. बियाण्यासाठी मात्र निरोगी झाडावरची दोन-तीन फळे पूर्ण लाल होईपर्यंत ठेवावीत.