चुलीचा धूर आणि बाईची फुफ्फुसं

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून रचून ठेवतात. त्या, तुराट्या आणि गोवऱ्या मिळून कित्येक घरांचं सरपण होतं. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला चूल पेटतेच. म्हणून दम लागणाऱ्या बाईला ‘बिडी ओढता का?’ एवढंच विचारून भागत नाही.

हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं ते दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी. फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, त्याला ‘कॉर पल्मोनेल’ म्हणतात. पाश्चात्त्य पुस्तकांत हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार होता. पद्मावतींना मात्र तो बायकांमध्येही जवळपास तितकाच दिसला, आणि तोही पुरुषांपेक्षा कमी वयात. त्या बायकांपैकी फारच थोड्या धूम्रपान करणाऱ्या होत्या. १९५९ साली हे काम ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात छापून आलं, आणि पुढच्या अभ्यासांत बोट चुलीकडे गेलं. १९८१ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारे धूलिकण प्रत्यक्ष मोजले.

पण बाईचं शरीर आयुष्यभर एकसारखं नसतं. धूर तोच असला तरी कुमारिका, गरोदर, बाळंतीण आणि पाळी गेलेली बाई यांची फुफ्फुसं तो सारखाच सोसतात का? हा प्रश्न विचारायला बराच उशीर झाला.

१९९२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. ओझोन वायू हुंगवल्यावर गाभण आणि पिलांना पाजणाऱ्या माद्यांच्या फुफ्फुसांत इतर माद्यांपेक्षा जास्त दाह झाला. १९९९ च्या पुढच्या अभ्यासात ओझोनमधल्या ऑक्सिजनवर खूण करून तो फुफ्फुसात किती उतरला हे मोजलं गेलं. जिथे मात्रा जास्त, तिथे दाहही जास्त असं दिसलं. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि ओझोन म्हणजे चुलीचा धूर नव्हे.

तरी त्यामागचा हिशेब आपल्याला ओळखीचा आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो आणि मिनिटाला आत जाणारी हवा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. त्याच चुलीपुढे तितकाच वेळ बसलेल्या जावा-जावांमध्ये गरोदर असलेलीच्या छातीत जास्त धूर जातो. त्यात पोटातल्या बाळामुळे पडदा वर ढकललेला असतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत दमा वाढतो अशी तक्रारही अनेक बायका करतात. तो मनाचा खेळ नाही. वैद्यकीय साहित्यात त्याची नोंद १९३१ पासून आहे.

पाळी गेल्यानंतरचा काळ सर्वांत दुर्लक्षित. युरोपात सुमारे वीस वर्षं पाठपुरावा केलेल्या १,४०० हून अधिक बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर फुफ्फुसाची क्षमता वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा वेगाने घटताना दिसली. आपल्याकडे या वयापर्यंत बाईच्या छातीत तीस वर्षांचा धूर साठलेला असतो. ‘वय झालं’ म्हणून दम सहन करण्याआधी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी, करून घ्या.

मग गरोदर बाईला गॅस दिला की काम झालं का? तामिळनाडूसह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली. गॅसमुळे बायकांच्या वाट्याला येणारा धूर बराच कमी झाला, पण २०२२ च्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. यावरून ‘मग चूलच बरी’ असं कुणी म्हणू नये. या बायकांना गॅस मिळाला तोवर गर्भारपणाचे दोन-चार महिने उलटले होते, आणि आईच्या छातीचा हिशेब बाळाच्या वजनात दिसत नाही. म्हणून नव्या सुनेच्या हाती चूल देतानाच धुराड्याचं, खिडकीचं आणि सिलिंडर वेळेवर भरून आणण्याचं बघा. डोहाळजेवणाची वाट पाहू नका.